अजून अर्धा फेरा

४ जून

बारक्यास,

आशीर्वाद शेवटी देईन, तोवर राग उतरला तर. आधी सोबतचा डबा उघड आणि डोळे फाडून बघ. तू पाठवलेले क्लॅम्प परत पाठवतेय. ही तिसरी खेप. दुकानावर 'खात्रीचा माल' अशी एवढी मोठी पाटी रंगवून घेतलीस, ती खात्री नक्की कशाची ते एकदा सांगून टाक. सख्ख्या बहिणीला गंडवण्याची असेल, तर मला पटली.

नवा क्लॅम्प लावला की पहिली फेरी गाडी गुपचूप चालते. दुसऱ्या फेरीला केबिनखालून फुरफुर सुरू. इंजिनाकडून येणारा सायलेन्सरचा पाइप जिथे पुढच्या पाइपात घुसतो, त्याच सांध्यातून धूर सुटतो आणि आजूबाजूला काजळी धरते. गोदामावरचा रखवालदार 'ताई आल्या, आवाज आला' म्हणून फाटक उघडतो. अप्पांनी उभ्या जन्मात या ट्रकबद्दल कुणाचा शब्द ऐकून घेतला नाही, आणि मी रखवालदाराचे टोमणे खातेय.

बसवण्यात माझी चूक असेल म्हणशील, म्हणून आधीच सांगते. प्रत्येक क्लॅम्प मी स्वतः गाडीखाली झोपून बसवते. बेताने आवळते आणि नटावरून खालच्या पट्टीपर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढते. अप्पांनीच शिकवलंय, नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. तेच अप्पा शेजारी उकिडवे बसून 'अजून अर्धा फेरा, अजून अर्धा फेरा' असा धोशा लावतात. मी ऐकत नाही. त्यावरून आमचं दर वेळी वाजतं.

अप्पांचं बरं नाही. सीटमागच्या फळीवर पडदा ओढून दिवसभर झोपतात. उठले की मळमळ, जेवण नको, आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात. डॉक्टर म्हणाले वयोमान. माझंही डोकं हल्ली ठणकतं, पण ते तुझ्यामुळे.

तसेच यू क्लॅम्प पाठव, फक्त या वेळी लोखंडाचे. मागचे बहुतेक बिस्किटाच्या डब्याचे होते. आणि तुझे ते पट्ट्याचे क्लॅम्प पाठवू नकोस. अप्पा म्हणतात, सायलेन्सरला यू क्लॅम्पच, बाकी सगळी खेळणी.

ताई


८ जून

ती. ताईस,
सा. नमस्कार. रीत म्हणून करतोय, मनातून नाही.

उघडला डबा. फाडले डोळे. आता जरा तू फाड. क्लॅम्पच्या दोन्ही पायांचे आटे ताणून गेलेत, नट अडकून बसलेत. याला बेताने आवळणं म्हणत नाहीत ताई, याला गळा आवळणं म्हणतात! यू क्लॅम्प असा आवळला की पाइपाला चावतो. पाइप गोल राहत नाही, चेपतो, बाजूला फट पडते. मग त्या फटीवर सोन्याचा क्लॅम्प लाव, धूर सुटणारच. माझ्या मालाला नावं ठेवण्याआधी आपला हात आवर.

एकात एक घुसणाऱ्या पाइपांना रुंद पट्ट्याचा क्लॅम्प लागतो, हे तुला सांगून माझी जीभ झिजली. तो पाइपाला सगळीकडून सारखा धरतो, चावत नाही. मी एवढंच मागितलं होतं, की वरच्या पाइपाचं बाहेरून माप कळव. तू काय कळवलंस? 'आपल्या चहाच्या पेल्याएवढा.' कुठला पेला? तुझ्या ट्रकमधला की माझ्या घरातला? मी इथे पेले घेऊन पाइप मोजत बसू का?

पण नाही! 'अप्पा म्हणतात' आलं की विषय संपला. ठीक आहे. गिऱ्हाईक म्हणून मागितलेस, दुकानदार म्हणून देतोय. यू क्लॅम्प, दोन जोड्या. पुन्हा परत आले तर डबा उघडणार नाही.

आता अप्पा. त्यांना माझ्याकडे पाठव. हे मी विचारत नाहीये. या वयात माणूस अंथरुणावर झोपतो, ट्रकच्या फळीवर नाही. शेजारीपाजारी मला विचारतात, मुलाचं घर असताना वडील लेकीच्या गाडीत का हिंडतात? काय सांगू? तुला सोबत हवी म्हणून तू त्यांना फरफटवतेस, असं मला वाटतं. लिहून टाकलं एकदाचं.

बारक्या


२ जुलै

बारक्यास,

तुझ्या पत्राला उत्तरच द्यायचं नव्हतं. फरफटवते म्हणे! ट्रक फाटकाबाहेर काढला की अप्पा सीटवर आधी चढून बसलेले असतात, मी नंतर. त्यांना उतरवायला जा, मग कळेल कोण कुणाला फरफटवतंय. असं लिहून पाठवणार होते. पत्र फाडलं, कारण काल जे झालं त्यानंतर मला बोलायला तोंड राहिलं नाही.

दुपारी चहाला थांबले होते. अप्पांना उठवलं. खाली उतरताना त्यांचा तोल जात होता, चेहरा लाल. मी दंड धरला. त्यांनी माझा हात झटकला आणि चारचौघांत मला म्हणाले, "बाई, ही गाडी माझ्या मुलीची आहे. तुम्ही कोण चालवताय? माझ्या मुलीला बोलवा."

मी म्हटलं, अप्पा, मीच. त्यांनी निरखून बघितलं आणि 'नाही' म्हणून मान हलवली.

टपरीवरची माणसं बघत होती. एकाने तर मला विचारलं, लायसन आहे का. मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही, तुझी बायको पत्र वाचते. मग केबिनमध्ये बसून मी रडले, आणि रडताना मला इतका राग आला अप्पांचा की काय सांगू. ज्या पोरीला मांडीवर बसवून स्टिअरिंग धरायला शिकवलं, तिला 'बाई'? पुढची सगळी वाट मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. त्यांना कळलंही नसेल.

घे तुझे अप्पा. हे पत्र घेऊन येणारा ड्रायव्हर आपल्या माहितीचा आहे, त्याच्या शेजारी खिडकीपाशी बसवून दिलेत. त्यांच्या पिशवीत दोन शर्ट, दाढीचं सामान आणि त्यांचा पाना आहे. पाना काढून घेऊ लागले तर ओरडले, म्हणून राहू दिला. जिंकलास एकदाचा. मिरव आता शेजाऱ्यांत.

तू पाठवलेले क्लॅम्प जूनमध्येच बसवले. पुन्हा तेच फुरफुर. आता नवे मागत नाही. कुणासाठी मागू?

ताई


१४ जुलै

ती. ताईस,
सा. नमस्कार.

तू लिहिलंस तसं काही नाही. अप्पा ठणठणीत आहेत.

पहिले दोन दिवस झोपून होते. मग उठले ते थेट दुकानात येऊन बसले. सगळे नटबोल्ट मापाप्रमाणे वेगळे करून ठेवले आणि माझ्या मापात तीन चुका काढल्या. काल एका गिऱ्हाइकाला 'तुम्हाला गाडी कळत नाही, तुम्ही सायकल घ्या' म्हणाले. तुझ्या भावजयीला तिच्या लग्नात वरातीच्या गाडीचं चाक कुठे पंक्चर झालं होतं ते सांगितलं. मला आठवत नव्हतं, तिलाही नाही. जेवतात दोन माणसांचं. आणि दर संध्याकाळी विचारतात, थोरली आज कुठे पोचली असेल. ओळखतात तुला चांगलं! मग तिकडे काय झालं होतं?

मी सांगतो काय झालं होतं. वेळेवर जेवण नाही, धड झोप नाही, दिवसरात्र खडखडाट. इथे माणसांत आले आणि माणसात आले. औषधाची एक गोळी दिलेली नाही, नुसती आमची देखभाल. तू त्यांना काय अवस्थेला नेलं होतंस याचा स्वतःच विचार कर. मी बोललो तर वाईट दिसेल, तरी बोलतो, तू त्यांना मारलं असतंस.

आता ते इथेच राहतील. ट्रक बंद म्हणजे बंद. ते रोज पिशवी भरून दारात बसतात, मी रोज आत ठेवतो. शिव्या देतात. देऊ देत.

बारक्या


२० जुलै

बारक्यास,

वा! देखभाल! मी काय त्यांना डिझेल पाजत होते? माझ्या हातचं पचलं नाही, तुझ्या बायकोच्या हातचं दोन माणसांचं पचतं. माझ्यासमोर माझं तोंड विसरले आणि तुझ्या दुकानात बसून वरातीचं पंक्चर आठवतात. म्हणजे अप्पांना माझाच कंटाळा आला होता, असंच ना? सरळ लिही की. वाचून मी मेले नसते.

तुझं पत्र इथल्या पंपावर मिळालं तेव्हा मी आधीच पेटलेली होते. अप्पांच्या जागी जोडीदार म्हणून लंबूला घेतलंय. तोच तो, उंटाएवढा, आपल्या जुन्या क्लीनरचा पुतण्या. नावाला जोडीदार! त्याची पाळी संपली की मागच्या फळीवर पडदा ओढून जो पडतो तो उठतच नाही. उठवलं तर डोकं धरून बसतो, ओकाऱ्या काढतो, जीभ जड. काल त्याला वाट विचारली तर परतीची सांगत होता. पितो, दुसरं काय! त्याच्या पिशव्यांची झडती घेतली, बाटली सापडली नाही. कुठे लपवतो देव जाणे. आईची शपथ घेऊन नाही म्हणतो, मी त्याला खोटारडा म्हटलं. या फेरीनंतर त्याला हाकलणार आहे.

अप्पांना सांग, थोरली मजेत आहे. त्यांनी इकडे यायची गरज नाही.

ताई


२३ जुलै

थोरलीस,

गाडी उभी कर. हे वाचतेस तिथेच. लंबूला आधी खाली उतरव, मग पुढचं वाच.

पंपावरच्या फोनवर निरोप ठेवायला लावलाय. तो पोचेल न पोचेल म्हणून हे पत्र तिकडे निघालेल्या गाडीवाल्याच्या हाती देतोय.

बारक्याने तुझं पत्र मोठ्याने वाचलं. लंबू पीत नाही. त्याच्या बापाच्या बापापासून ओळखतो मी त्या घराला. अक्कल गहाण ठेवलीत काय तुम्ही दोघांनी? त्याच फळीवर मी झोपायचो. तसंच डोकं, तीच मळमळ, तीच जड जीभ. इथे आलो आणि माझं डोकं ताळ्यावर आलं. हा शहाणा त्याला देखभाल म्हणतो. देखभाल कसली, हवा! सांध्यातून सुटलेला धूर खाली कोंडतो आणि फटीतून वर केबिनमध्ये येतो. तू खिडकी उघडी टाकून चालवतेस म्हणून शुद्धीवर आहेस. मागे पडदा ओढून झोपणारा मरतो, आणि झोपेत मरतो म्हणून कुणाला कळतही नाही. तुझं डोकं दुखतं म्हणालीस ना? भावामुळे नाही दुखत ते.

खाली जा आणि सांधा बघ. कोण गाढव आवळतं हे क्लॅम्प? पाइप चेपला असणार. ज्याने आवळला त्याला पुन्हा माझ्या गाडीखाली जाऊ देऊ नकोस.

तुला मी 'बाई' म्हणालो असं बारक्याकडून कळलं. मला त्यातलं काही आठवत नाही.

अप्पा


२६ जुलै

बारक्यास,

निरोप पोचला. लंबूला ओढून खाली काढला तेव्हा त्याला उभं राहता येत नव्हतं. दवाखान्यात नेलं, प्राणवायू लावला. आता शुद्धीवर आहे. डॉक्टर म्हणाले, अजून एक फेरी झाली असती तर सांगता आलं नसतं. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, ताई, माझी बाटली सापडली का मग? आणि हसला मेला. मला ओक्साबोक्शी रडू आलं.

मग गाडीखाली गेले. अप्पा म्हणाले तसंच. पाइप चेपून लांबट झालाय, फटीत बोट जातं. गिअरच्या दांड्यापाशी केबिनच्या तळाचं रबर फाटलंय, तिथे मीच चिंधी कोंबली होती. म्हणजे धुराला वाट मीच ठेवली.

आता ऐक, आणि हे अप्पांपर्यंत जाऊ देऊ नकोस. फडक्याने काजळी पुसली. खाली माझी पिवळी रेघ होती. दोन्ही नटांवर तुटलेली, आणि दोन्हीकडे बरोबर अर्ध्या फेऱ्याने सरकलेली.

कळलं ना? मी मालाच्या कागदांवर सह्या घ्यायला गोदामाच्या ऑफिसात जायचे, तेवढ्यात ते पाना घेऊन खाली जायचे. प्रत्येक खेपेला. म्हणून तुझे क्लॅम्प ताणून यायचे. तू मला गळा आवळणारी म्हणालास, मी तुला लबाड म्हटलं, आणि तो अर्धा फेरा त्या म्हाताऱ्याचा होता. मला इतका संताप आलाय की समोर असते तर पाना फेकून मारला असता. आणि माझाही संताप येतो. खेपेखेपेला जुना क्लॅम्प काढताना रेघ बघावी एवढं सुचलं नाही मला. तुझ्यावर खापर फोडायची घाई झाली होती.

आणि त्यांना आठवत नाहीये. धुराने सगळं पुसून टाकलंय. 'कोण गाढव' असं स्वतःबद्दलच विचारतात. त्यांना कळलं की लंबू त्यांच्या हाताने मरत होता, तर ते पुन्हा पाना उचलणार नाहीत. मग तुझ्या दुकानात बसून किती दिवस काढतील, तूच सांग.

तो तुकडा कापून नवा पाइप घालून घेतेय. वरच्या पाइपाचं बाहेरचं माप सोबत सुतळीला गाठ मारून पाठवलंय, एक वेढा बरोबर. पेला नाही. पट्ट्याचे क्लॅम्प पाठव. तूच पहिल्यापासून बरोबर होतास, पण हे मी एकदाच लिहिणार.

ताई


३० जुलै

ती. ताईस,
सा. नमस्कार. या वेळी मनातून.

अप्पांनी तुझं पत्र मागितलं. मी म्हटलं, डब्यातल्या ग्रीसने खराब झालं. मग बसले मला उलटतपासणीला. पाइप चेपला होता का? हो. कुणी आवळला? थोरलीने? लंबूने? नाव सांग. सोडेनात. शेवटी थोरलीवर घसरले, तिला मी शिकवलं आणि तिनेच माणूस मारायला घेतला, म्हणाले. तुझं नाव घेतल्यावर माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हटलं, अप्पा, आवळण्यात कुणाची चूक नाही. माझाच माल खराब होता. नीट धरेना म्हणून सारखा आवळावा लागला.

ताई, दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं होतं. सगळ्यांसमोर त्यांनी माझे असे कान उपटले की लहानपणी कधी उपटले नव्हते. 'बहिणीच्या गाडीत असला माल घालतोस?' म्हणाले. मग शिडी आणायला लावली, आणि 'खात्रीचा माल' ही पाटी माझ्याच हातांनी उतरवायला लावली. स्वतः खाली शिडी धरून उभे होते, मी पडू नये म्हणून. दोन गिऱ्हाइकं तशीच निघून गेली. तुझी भावजय माझ्याशी बोलत नाहीये, म्हणते, आपला माल चांगला असताना गप्प का बसलास? काय सांगू तिला?

मला राग आलाय. फार आलाय. कुणाचा ते कळत नाही, म्हणून तुझ्यावर काढतोय.

पट्ट्याचे क्लॅम्प पाठवतोय, सुतळीच्या मापाने. सोबत नवा पाना आहे. हवा तेवढा जोर लावला की तो 'टक' करतो. टक झालं की थांबायचं, पुढे एक केससुद्धा नाही. इंजिन एकदा तापवून थंड झालं की पुन्हा टक होईपर्यंत बघायचं, बस्स.

हा डबा घेऊन अप्पा स्वतः येतायत. अडवून बघितलं. पिशवी घेऊन दारात बसलेले होते, मी आत ठेवायला गेलो तर म्हणाले, "खराब माल विकणाऱ्याच्या घरात मी राहत नाही."

त्यांना सांभाळ. आणि त्या अर्ध्या फेऱ्यावर नजर ठेव.

बारक्या


९ ऑगस्ट

बारक्यास,

अप्पा पोचले. लांबूनच ओरडले, "थोरले, खिडक्या उघड सगळ्या!" मला ओळखलं. मी चहा आणून दिला आणि तो थंड आहे म्हणून बोलणी खाल्ली.

क्लॅम्प आम्ही दोघांनी बसवला. मी गाडीखाली, ते शेजारी. पाना मात्र त्यांच्या हातात दिला. टक झालं. हात थांबला, पण निघेना. मनगट वळायला लागलेलं मला दिसलं. मी ओरडले, अप्पा, हात काढा! त्यांनी काढला. रेघ त्यांनीच मारली, सरळ. धूर नाही, आवाज नाही, रखवालदाराने फाटक उघडलंच नाही, हॉर्न द्यावा लागला. रबर नवं घातलंय. मागच्या फळीवर सामान भरलंय. अप्पा पुढे खिडकीशी बसतात आणि माझ्या गिअर टाकण्यावर तोंड वाजवतात. लंबूही परत आलाय, त्याच्या झोपेची सोय आता गोदामावर.

पण एक घोटाळा झाला. कापलेला जुना तुकडा मी हत्यारांच्या पेटीत तळाला टाकला होता, क्लॅम्पसकट. फेकून द्यायला हवा होता. काल मी सह्या घेऊन आले तर अप्पा पायरीवर तो मांडीवर घेऊन बसलेले. फडक्याने पुसलेला. तुटलेल्या रेघेवर अंगठा ठेवला होता. मी सांगणार होते, की ते पेटीत घासून सरकलं असेल. त्याआधीच त्यांनी विचारलं, "लंबू कुठाय?" मी म्हटलं, जेवतोय. उठले, त्याच्याकडे गेले, तो जेवत होता तोवर त्याच्या शेजारी बसून राहिले. परत येऊन आपला जुना पाना पिशवीतून काढून माझ्या पेटीत ठेवला आणि म्हणाले, "बारक्याला लिही. पाटी परत लाव म्हणावं. माल चांगला होता."

तर पाटी परत लाव. आणि बायकोला काय ते सांगून टाक, घर नीट राहू दे.

तू काय केलंस ते मला कळलंय, पण तुझ्यावरचा राग काही उतरलेला नाही. फरफटवते म्हणालास ते मी विसरणार नाही. पुढच्या महिन्यात तिकडची फेरी आहे, तेव्हा समोरासमोर भांडू. अप्पाही येतील, जेवण दोन माणसांचं लागेल म्हणालास, तेवढं तयार ठेव.

आशीर्वाद. जूनमधला राहिला होता, तोही यातच धर.

ताई